फाइलचं नाव बदलताना हात का थबकतो?

(सामुदायिक रेडिओच्या महिला कार्यक्रमातील भाषण)

स्वयंपाक आवरला असेल, जनावरांचं चारापाणी झालं असेल, तर थोडा वेळ रेडिओजवळ बसा. वही-पेन हाताशी ठेवा, दोन-चार गोष्टी लिहून घ्याव्या लागतील. आज बोलायचंय ते कॉम्प्युटरवरच्या एका अगदी लहान कामाबद्दल. फाइलचं नाव बदलणं.

तुम्ही म्हणाल, ताई, एवढ्याशा गोष्टीवर भाषण कशाला? मलाही आधी तसंच वाटायचं. पण गेल्या दिवाळीत या एवढ्याशा गोष्टीने माझ्याकडच्या एका गटाचा हंगाम खराब केला. ती गोष्ट आधी सांगते.

गटाला फराळाची मोठी ऑर्डर मिळाली होती. चिवडा, चकली, शेव, करंज्या. तेल, बेसन, पोहे एकदम घ्यायचे म्हणून मासिक बैठकीत ठरलं की बँकेकडे तीन लाखांचं कर्ज मागायचं. ठराव झाला, सगळ्यांच्या सह्या झाल्या, कागद स्कॅन करून ग्रामसंघाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ठेवला. बँकेने ठराव मेलवर मागितला. त्या दिवशी सचिव आक्का शेतात होत्या, म्हणून त्यांच्या पुतण्याला सांगितलं, “तेवढा ठराव पाठव रे.” त्याने कॉम्प्युटर उघडला. आत फाइली होत्या: ठराव, ठराव नवीन, ठराव नवीन 1, ठराव फायनल, स्कॅन0003, स्कॅन0004. त्या पोराने शहाणपणाने विचार केला आणि ‘ठराव फायनल’ पाठवला. तो होता आदल्या वर्षीचा, दीड लाखाचा, जुन्या अध्यक्षांच्या सहीचा. आपला तीन लाखांचा ठराव होता स्कॅन0004.

बँकेत कागद जुळेना, प्रकरण बाजूला पडलं. आपल्याला कळलं तीन आठवड्यांनी. पैसे हातात आले तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. तोवर बायांनी किराणा उधारीवर उचलला होता, चढ्या भावाने. ऑर्डर पूर्ण केली, रात्री जागून केली, पण वाटणीचा हिशोब झाला तेव्हा नफा निम्म्यावर आलेला होता. चूक बँकेची नव्हती, त्या पोराचीही नव्हती. डब्यावर चिठ्ठीच चुकीची होती.

मी आक्कांना विचारलं, “आक्का, फाइलीला नीट नाव का नाही दिलं? ऑफिसात वह्यांवर तर तुम्ही किती व्यवस्थित नावं घालता.” आक्का जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “ताई, एकदा गेले होते नाव बदलायला. फाइलच मेली. उघडेचना. कुणाला सांगितलं नाही, लाज वाटली. तेव्हापासून मी नावाला हात लावत नाही.”

त्या दिवशी मी ठरवलं की यावर नीट बोलायचं. कारण आक्कांसारख्या कितीतरी जणी आहेत. बी.ए. झालेली मी, मीसुद्धा या फसगतीतून गेलेली आहे. आणि आक्कांची फाइल मेली नव्हती. ती आजही जिवंत आहे. कशी, ते पुढे सांगते.

नाव म्हणजे डब्यावरची चिठ्ठी

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. फाइलचं नाव बदललं म्हणून आतला मजकूर बदलत नाही. डब्यावर ‘धने’ लिहिलेलं खोडून ‘जिरं’ लिहिलं, तर आतले धने काही जिरं होत नाहीत. पूर्वी लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवऱ्या मुलीचं नवं नाव लिहीत. नाव बदललं, पण बाई तीच राहिली ना? घोटाळा झाला तो कागदपत्रांत. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, आणि आपण चकरा मारतोय.

फाइलचंही तसंच आहे. फाइल तीच राहते, पण जुन्या नावाने शोधणाऱ्याला ती सापडत नाही. वर्डमध्ये अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी दिसते. नाव बदलल्यावर त्या यादीतल्या जुन्या नावावर क्लिक केलं, तर वर्ड म्हणतो, फाइल सापडत नाही. घाबरू नका. फोल्डरमध्ये जा, नव्या नावाने ती तिथेच असते.

आणखी एक गंमत होते. फोल्डरमधल्या फाइली बहुतेक वेळा अक्षरांच्या क्रमाने लावलेल्या असतात. नाव बदललं की फाइल त्या क्रमातल्या आपल्या नव्या जागी जाते. आत्ता डोळ्यांसमोर होती आणि गायब झाली असं वाटतं. वर-खाली नजर फिरवा, नव्या नावाच्या अक्षरापाशी ती दिसेल.

पहिली फसगत: दोन क्लिक

आता यंत्र आपल्याला कुठे फसवतं ते बघू. ऑफिसात बहुतेक ठिकाणी विंडोज असतं, म्हणून मी विंडोजचं सांगते.

फाइलवर एकदा क्लिक केलं की ती निवडली जाते. भरभर दोनदा क्लिक केलं की ती उघडते. पण तिच्या नावावर एकदा क्लिक केलं, जरा थांबलं आणि परत क्लिक केलं, तर फाइल उघडत नाही. तिचं नाव बदलायची चौकट उघडते. म्हणजे फरक कशाचा? फक्त हाताच्या वेगाचा. ज्यांचा हात माऊसवर बसलेला नाही, ज्यांची बोटं सांध्यांनी दुखतात, त्यांचा दुसरा क्लिक उशिरा पडतो. त्यांना फाइल उघडायची असते आणि यंत्र समजतं की नाव बदलायचंय. ते विचारतही नाही, आवाजही करत नाही.

हे आपल्याच बाबतीत होतं असं समजू नका. मॅकिंटॉश नावाचा कॉम्प्युटर 1984 साली आला. तेव्हा त्यात फाइलच्या चित्रावर क्लिक करून नुसतं टाइप करायला लागलं की लगेच नाव बदलायचं. चुकून कळ दाबली गेली तरी नाव जायचं. मग 1991 मध्ये त्यांनी पद्धत बदलली. नावावर क्लिक करा, क्षणभर थांबा, मगच चौकट उघडेल, असं केलं. विंडोजमध्येही क्लिक, थांबा, क्लिक ही रीत आहेच. एका चुकीवर काढलेला उपाय आपल्याकडे दुसरी चूक घेऊन आला. यंत्र बनवणाऱ्यांनाही ही गोष्ट एका झटक्यात जमलेली नाही, तर आपला हात चुकला म्हणून लाजायचं कशाला?

यावर उपाय दोन. एक, फाइल उघडायची असेल तर दोनदा क्लिक करायच्या भानगडीत पडू नका. एकदा क्लिक करून फाइल निवडा आणि एंटर दाबा. विंडोजमध्ये एंटरने फाइल उघडते. दोन, कंट्रोल पॅनेलमध्ये माऊस नावाची जागा आहे. तिथे डबल क्लिकचा वेग कमी करता येतो. ऑफिसातल्या कुणाकडून तो एकदा आपल्या हाताला जमेल एवढा करून घ्या.

दुसरी फसगत: निळं झालेलं नाव

नाव बदलायची चौकट उघडली की आतलं नाव निळं होतं. निळं म्हणजे निवडलेलं. त्या क्षणी कुठलीही एक कळ दाबली की पूर्ण नाव पुसलं जातं आणि त्या एका कळीचं अक्षर उरतं. चुकून क दाबला गेला तर फाइलचं नाव ‘क’. आपल्याला नुसता सन बदलायचा होता, आणि सगळंच गेलं.

नावातलं थोडंसंच बदलायचं असेल, तर निळं दिसल्यावर आधी बाणाची कळ दाबा, डावीकडची किंवा उजवीकडची. निळा रंग जातो, टाइप करायची उभी रेघ एका टोकाला येते. मग हवं तिथे जाऊन हवं तेवढंच खोडा.

आता याहून मोठी फसगत. नाव बिघडलं की आपण काय करतो? घाबरून माऊस बाजूला नेतो आणि मोकळ्या जागेत क्लिक करतो. आपल्याला वाटतं, सुटलो. पण विंडोज त्याचा उलटा अर्थ घेतं. बाहेर क्लिक केलं म्हणजे नाव मंजूर, असं ते धरतं आणि बिघडलेलं नाव पक्कं करून टाकतं.

सोडून द्यायचं असेल तर एस्केप दाबायचं. कीबोर्डच्या अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यातली कळ. एस्केपने चौकट बंद होते आणि जुनं नाव जसंच्या तसं राहतं. वहीत लिहून घ्या: एंटर म्हणजे ‘मंजूर’, एस्केप म्हणजे ‘राहू दे’, आणि बाहेर क्लिक म्हणजेही ‘मंजूर’.

समजा मंजूर झालंच. तरी वाट आहे. त्याच खिडकीत लगेच कंट्रोल ही कळ दाबून धरा आणि झेड दाबा. जुनं नाव परत येतं. मात्र एकदाच दाबा आणि बघा. पुन्हा पुन्हा दाबलं तर त्याआधी केलेली कामंही उलटी फिरत जातात.

तिसरी फसगत: नावापुढचा ठिपका

आता आक्कांच्या फाइलकडे येते. फाइलच्या नावाच्या शेवटी एक ठिपका असतो आणि त्यापुढे तीन-चार इंग्रजी अक्षरं. वर्डच्या फाइलीला डॉट डॉक्स, फोटोला डॉट जेपीजी, कागदपत्रांना बहुधा डॉट पीडीएफ. याला एक्स्टेन्शन म्हणतात.

आपण गिरणीत जातो तेव्हा ज्वारीचा डबा ज्वारीच्या चक्कीवर लागतो आणि मिरची कांडपाच्या यंत्रावर. डब्यावर काय ते लिहिलेलं असलं की गिरणीवाला विचारत नाही. ठिपक्यापुढची अक्षरं तेच काम करतात. ही फाइल कुठल्या प्रोग्रॅमने उघडायची ते विंडोज त्यावरून ठरवतं. ती अक्षरं खोडली गेली तर गिरणीवाला डबा हातात घेऊन उभा राहतो, कुठं टाकू? डब्यातलं धान्य मात्र जसंच्या तसं असतं.

आक्कांनी काय केलं होतं? मागून एकेक अक्षर खोडत सगळी ओळ साफ केली आणि नवं नाव लिहिलं. त्यात ठिपका आणि पुढची अक्षरंही गेली. विंडोजने इंग्रजीत एक सूचना दाखवली. तिचा अर्थ असा की, एक्स्टेन्शन बदललंत तर फाइल निरुपयोगी होऊ शकते, नक्की बदलायचं का? आक्कांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी ‘यस’ दाबलं. फाइलचं चित्र पांढरं झालं, ती उघडेना, आणि आक्कांनी मनात तिचं श्राद्ध घातलं.

मी परवा ऑफिसात गेले, त्या पांढऱ्या फाइलचं नाव बदलायची चौकट उघडली, नावाच्या शेवटी ठिपका देऊन डॉक्स लिहिलं, एंटर दाबलं. फाइल उघडली. आत दोन वर्षांपूर्वीच्या पापड विक्रीचा हिशोब होता. आक्का बघतच राहिल्या. म्हणाल्या, “म्हणजे दोन वर्षं मी उगीच भ्यायले?”

उगीच नव्हे, आक्का. सूचना तुमच्या भाषेत नव्हती, आणि जी होती ती घाबरवणारी होती. मूळ अक्षरं परत लिहिली की फाइल पुन्हा उघडते, एवढं एक वाक्य त्यात असतं तर भीती राहिली नसती.

ही ठिपक्याची पद्धत जुनी आहे. पूर्वीच्या एमएस-डॉसमध्ये फाइलचं नाव आठ अक्षरांत बसवावं लागे आणि ठिपक्यापुढे तीन अक्षरं. विंडोज 95 आलं, म्हणजे 1995 साली, तेव्हा नाव 255 अक्षरांपर्यंत लांब ठेवता येऊ लागलं. आठ अक्षरांची अडचण गेली, ठिपका राहिला. पुढे 2007 मध्ये घरोघरी आलेल्या विंडोज व्हिस्टापासून एक सोय झाली. नाव बदलायची चौकट उघडली की ठिपक्याच्या आधीचाच भाग निळा होतो. तेवढाच निळा भाग बदलला आणि ठिपक्याला हात लावला नाही, तर काही बिघडत नाही.

आता याचा दुसरा भाग ऐका. पुष्कळ कॉम्प्युटरवर ही अक्षरं दिसतच नाहीत, कारण विंडोज ती लपवून ठेवतं. तिथे कुणी ‘आधार’ नावाच्या फोटोचं नाव बदलून ‘आधार डॉट पीडीएफ’ असं लिहिलं, तर ती पीडीएफ होत नाही. पाठीमागे लपलेलं जेपीजी तसंच राहतं. अर्ज भरताना ‘फक्त पीडीएफ चालेल’ असं लिहिलेलं असतं, आपण नाव बदलून पाठवतो आणि अर्ज परत येतो. ज्वारीच्या पोत्यावर गहू लिहिल्याने गहू होत नाही. पीडीएफ हवी असेल तर वर्डमध्ये ‘सेव्ह अॅज’मध्ये जाऊन प्रकार पीडीएफ निवडावा लागतो. कागद स्कॅन करत असाल तर बहुतेक स्कॅनरमध्ये पीडीएफ निवडता येतं.

ती अक्षरं दिसावीत असं वाटत असेल तर फोल्डर उघडून वर ‘व्ह्यू’वर जा. विंडोज 10 मध्ये तिथेच ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’समोर खूण करा. विंडोज 11 मध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’. माझं मत असं की ती दिसलेली बरी. झाकलेल्या विहिरीपेक्षा कठडा असलेली विहीर बरी.

चौथी फसगत: नाव घेतच नाही

कधी कधी आपण सगळं बरोबर करतो आणि तरी यंत्र नाव घेत नाही. त्याची दोन कारणं नेहमी असतात.

एक, तारीख. आपण तारीख तिरकी रेघ देऊन लिहितो, बारा रेघ तीन रेघ पंचवीस. विंडोजला फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही, कारण कुठल्या फोल्डरमधून कुठे जायचं तो रस्ता ते रेघांनी दाखवतं. अशी नऊ चिन्हं आहेत जी नावात चालत नाहीत: दोन्ही बाजूंच्या तिरक्या रेघा, उभी रेघ, विसर्गासारखे दोन ठिपके, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण आणि कोनासारखी दोन चिन्हं. पाठ करायची गरज नाही. तारखेत आडवी रेघ वापरा, भागलं.

दोन, फाइल उघडी असणं. वर्डमध्ये फाइल उघडून ठेवली असेल तर विंडोज तिचं नाव बदलू देत नाही, फाइल वापरात आहे म्हणतं. आधी फाइल बंद करा, मग नाव बदला.

आणि ‘सेव्ह अॅज’ म्हणजे नाव बदलणं नव्हे, हेही लक्षात ठेवा. ‘सेव्ह अॅज’ करून नवं नाव दिलं की दुसरी फाइल तयार होते आणि जुनी तशीच राहते. आमच्या ऑफिसात ‘ठराव नवीन’, ‘ठराव नवीन 1’ हा सगळा गोतावळा तिथूनच जमला होता.

मग बदलायचं कसं?

आता वहीत लिहा. सुरक्षित रीत पाच पायऱ्यांची आहे.

पहिली: फाइल बंद आहे ना ते बघा.
दुसरी: फाइलवर एकदाच क्लिक करा आणि माऊस सोडून द्या.
तिसरी: कीबोर्डच्या सगळ्यात वरच्या ओळीत एफ-टू नावाची कळ आहे, ती दाबा. काही लॅपटॉपवर ती कळ आवाजाचं किंवा उजेडाचं काम करते. तिथे खालच्या ओळीतली एफ-एन ही कळ दाबून धरा आणि मग एफ-टू दाबा.
चौथी: नाव निळं झालं की नवं नाव लिहा. ठिपका दिसत असेल तर त्याला हात लावू नका.
पाचवी: बरोबर वाटलं तर एंटर, नाही तर एस्केप.

माऊसचं उजवं बटण दाबून जी यादी येते तिच्यातही ‘रिनेम’ असतं. पण 2021 मध्ये विंडोज 11 आलं तेव्हा त्यांनी यादीतला तो शब्द काढून नुसतं एक छोटं चित्र ठेवलं. अक्षराभोवती चौकट, असं ते चित्र. ते कधी यादीच्या वर दिसतं तर कधी खाली. शिकलेली माणसंसुद्धा शोधत बसली. नंतरच्या सुधारणेत चित्राखाली शब्द आले. म्हणून मी म्हणते, एफ-टू लक्षात ठेवा. विंडोज नवं असो की जुनं, ती कळ तेच काम करते.

फराळाचे वीस फोटो असतील तर एकेकाचं नाव बदलायची गरज नाही. सगळे निवडा, एफ-टू दाबा, एकच नाव लिहा, एंटर दाबा. विंडोज सगळ्यांना तेच नाव देऊन पुढे कंसात 1, 2, 3 असे आकडे घालतं. पण म्हणूनच एकाच फाइलचं नाव बदलायचं असेल तेव्हा एकच निवडली आहे ना, हे आधी बघा.

नाव काय ठेवायचं?

आमच्या गटांनी आता एक रीत ठरवली आहे. आधी तारीख, मग काय आहे, मग कुणाचं, मग त्याचं काय झालं. तारखेत सन पहिला, मग महिना, मग दिवस. उदाहरणार्थ, ‘2025-08-12 कर्ज ठराव 3 लाख सह्या झालेला’.

सन आधी का? कॉम्प्युटर नाव डावीकडून वाचून क्रम लावतो. दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांच्या पाच तारखा एकत्र येतात. सन आधी लिहिला की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात, आणि ताजा ठराव कुठला ते एका नजरेत कळतं. महिना ऑगस्ट असेल तर नुसता आठ नाही, शून्य आठ लिहा, म्हणजे सगळ्या तारखा एकसारख्या दिसतात. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोचं नाव कधी नीट वाचलंय का? त्यात आठ आकडे सलग असतात, 20250812 असे. तीही सन, महिना, दिवस अशीच तारीख आहे.

‘फायनल’ आणि ‘नवीन’ हे दोन शब्द आम्ही बंद केले. आज नवीन असतं ते उद्या जुनं होतं. त्याऐवजी जे घडलं ते लिहा: ‘कच्चा’, ‘सह्या झालेला’, ‘बँकेला पाठवला’.

नाव मराठीत चालतं का? चालतं. मोबाइलवर आपण जशी मराठी लिहितो तशी, म्हणजे युनिकोडमध्ये, लिहिली तर विंडोज ते नाव नीट दाखवतं. जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट मात्र नावाच्या चौकटीत चालत नाहीत, तिथे इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. बाहेर कुठे अर्जाला फाइल जोडायची असेल तर तेवढ्या प्रतीचं नाव इंग्रजी अक्षरांत, लहान, आणि शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन ठेवा. काही ठिकाणी मराठी नाव घेत नाहीत.

शेवटचं सांगते. गटाच्या वह्या आपण कुणाच्या हातात देत नाही. सचिव लिहिते, कोषाध्यक्ष तपासते, अध्यक्ष सही करते. पण तोच कागद कॉम्प्युटरवर गेला की आपण मागे सरतो आणि म्हणतो, बघ रे बाबा तूच. पोरं मदत करतात, चांगली गोष्ट आहे. पण कुठला कागद कुठे आहे हे त्या पोरालाच ठाऊक, आणि गटातल्या एकीलाही ठाऊक नाही, अशी वेळ येऊ देऊ नका. नाव आपण ठेवलं तर कागद आपल्याला सापडतो.

पुढच्या मासिक बैठकीला एक काम करा. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एक रिकामी फाइल बनवा, तिचं नाव ‘सराव’ ठेवा. प्रत्येकीने एफ-टू दाबून तिचं नाव एकदा बदलायचं, एकदा एस्केप करायचं, आणि एकदा मुद्दाम बिघडवून कंट्रोल-झेडने परत आणायचं. बिघडलं तर बिघडलं, त्या फाइलीत काहीच नाही. आमच्याकडे हा सराव पहिल्यांदा आक्कांनी केला. आता यंदाच्या ठरावाची फाइल त्यांनी स्वतः नाव घालून ठेवली आहे, आणि पुतण्याला सांगितलंय, “पाठवायची तेवढी तू पाठव, नाव मी घातलंय ते वाचून पाठव.”

तुमच्या गटात हा सराव झाला की मला बैठकीत सांगा. कुठे अडलं तेही सांगा, पुढच्या वेळी त्यावर बोलू. नमस्कार.